बेटावरची डोंगराळ ट्रेल मॅरेथॉन: नाशिकमध्ये राहून तयारी कशी करायची

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला थांबवून विचारतं, "सर, बेटावरच्या ट्रेल मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. आठवड्याला साठ किलोमीटर होतात. पुरेल ना?" मी उलट विचारतो, त्यातले उताराचे किती? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो.

चढावर दम लागतो, त्यामुळे सगळे चढाची तयारी करतात. रेस मोडते ती मात्र उतारावर. माझ्या पहिल्या बेटावरच्या रेसमध्ये २९व्या किलोमीटरला मी शेवटच्या मोठ्या उताराच्या तोंडाशी उभा होतो. खाली समुद्र दिसत होता, श्वास शांत होता, पोटही ठीक होतं. पण गुडघा वाकवला की मांडी थरथरून सोडून देत होती. तो उतार मी बराचसा उलटा, पाठीकडे चालत उतरलो. त्या तयारीत मी चढ भरपूर केले होते आणि प्रत्येक चढानंतर आरामात चालत खाली आलो होतो. नाशिकचे अनेक चांगले धावपटू आजही हेच करतात, म्हणून हा लेख. यात टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलू नका.

टप्पा १: पैसे भरण्याआधी रेसचा आलेख वाचा

आयोजक मार्गाचा नकाशा आणि उंचीचा आलेख देतात. त्यावरून चार गोष्टी कागदावर लिहून काढा.

१. एकूण चढ किती. ट्रेलच्या, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांवर धावण्याच्या जगात एक सोपा हिशोब चालतो: दर १०० मीटर चढाला १ किलोमीटर जास्त धरायचा. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावरची मॅरेथॉन घ्या. अंतर ४२.२ किलोमीटर, चढ सुमारे १३०० मीटर. म्हणजे शरीराच्या लेखी ती साधारण ५५ किलोमीटरची. तुमची सपाट रस्त्यावरची मॅरेथॉन साडेचार तासांची असेल तर किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद पडतात. ५५ ने गुणलं की ५ तास ५२ मिनिटं. खडी, माती, वारा यांचे आणखी दहा टक्के धरले की आकडा साडेसहा तासांच्या आसपास जातो. घरच्यांना आणि स्वतःला हाच आकडा सांगा.

२. चढ-उतार कुठे आहेत. कॅटलिनाची रेस टू हार्बर्स या वस्तीत सुरू होऊन अ‍ॅव्हलॉन गावात संपते. मोठा चढ उत्तरार्धात येतो आणि त्यानंतर गावापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर जवळपास सलग उतार आहे. ज्या वेळी मांड्यांत काही उरलेलं नसतं, नेमक्या त्याच वेळी उतार समोर येतो. असा आलेख दिसला की तयारीतला प्रत्येक लांब सराव उतारावर संपवायचा, हे तिथेच ठरवून टाका.

३. पायाखाली काय आहे. कॅटलिनावर बराचसा मातीचा गाडीरस्ता आहे. हाँगकाँगच्या लांताऊ बेटावर दगडी पायऱ्या संपता संपत नाहीत. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मुळं, चिखल आणि ओला ज्वालामुखी दगड. "ट्रेल" या एकाच शब्दात हे सगळं बसतं, पण सराव तिन्हींचा वेगळा.

४. पाण्याचे थांबे आणि कट-ऑफ, म्हणजे ठरावीक ठिकाणी पोचण्याची शेवटची वेळ. दोन थांब्यांमधलं सर्वांत मोठं अंतर शोधा. किलोमीटर बघू नका, तुम्हाला तिथे किती मिनिटं लागतील ते बघा. मधे चढ असेल तर आठ किलोमीटरला दीड तास सहज जातो.

*सावध:* बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळू आणि माड येतात. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचं पिको रुइवो शिखर १८६२ मीटर आहे, कळसूबाई १६४६. शिवाय कळसूबाईचा ट्रेक बारी गावातून सुरू होतो, जे मुळातच बरंच उंचावर आहे. बेटावर सुरुवात समुद्रसपाटीवरून, म्हणून नकाशावरची जवळजवळ सगळी उंची पायांनीच चढावी लागते.

टप्पा २: सोळा आठवडे मागे मोजा

हा कार्यक्रम सोळा आठवड्यांचा आहे. तो सुरू करताना सलग तीन महिने धावण्याची सवय आणि १८ किलोमीटर न थकता धावता येणं, एवढं हवंच. नसेल तर आधी तेवढं करा आणि पुढच्या वर्षीची रेस घ्या. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात हृदयविकार असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या. हे "बघू नंतर"वर टाकायचं काम नाही.

मार्चच्या रेससाठी सुरुवात नोव्हेंबरच्या शेवटी होते. नाशिकसाठी हा काळ सोन्यासारखा आहे. पहाटे थंडी, वाटा कोरड्या, गवत वाळलेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रेसची तयारी मात्र थेट पावसाळ्यात येते. त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात तेव्हा कातळावर शेवाळ धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या पायवाटांवर वेगाने उतरायचा सराव करू नका. इमारतीचे जिने आणि शहराजवळचे पाण्याचा निचरा होणारे मुरमाचे रस्ते वापरा, आणि डोंगर सप्टेंबरअखेरीस धरा.

आठवड्याचा सांगाडा असा: मंगळवारी सपाटीवर हलकं धावणं, गुरुवारी डोंगर, शनिवारी लांब सराव, रविवारी थकलेल्या पायांनी तास-दीड तास चालणं-धावणं. सोमवारी आणि बुधवारी अर्धा अर्धा तास ताकदीचा व्यायाम. शुक्रवारी पूर्ण सुट्टी.

ताकदीच्या व्यायामात एक प्रकार कधीही चुकवू नका. फूटभर उंचीच्या पाटावर किंवा पायरीवर एका पायावर उभं राहा. दुसरी टाच जमिनीला टेकेपर्यंत तीन सेकंद घेत हळूहळू खाली या. प्रत्येक पायाला दहा, असे तीन वेळा. गुडघा आत वळत असेल तर उंची कमी करा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, आणि हा व्यायाम त्याला नेमकं तेच शिकवतो.

*तपासा:* दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पाठदुखी, नडगीचं दुखणं किंवा टाचेत सकाळी टोचणं आहे का? असेल तर डोंगर सुरू करू नका. आधी ते बरं होऊ द्या.

टप्पा ३: आधी उतार शिका

इथे सगळे उलट करतात. पहिले दोन महिने चढाचे, मग रेस जवळ आली की एका रविवारी उत्साहाने मोठा उतार पळत उतरतात आणि पुढचे पाच दिवस जिन्याचा कठडा धरून फिरतात. उताराने स्नायूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. पण स्नायू त्यातून शिकतो. थोडा उतार दिला आणि बरं होऊ दिलं, तर पुढचे काही आठवडे तसाच उतार कमी दुखावतो. म्हणून उताराचा डोस लहान, लवकर आणि नियमित हवा.

१. *आठवडा ३ आणि ४.* मंद उताराचा मुरमाचा रस्ता शोधा. दोनशे-तीनशे मीटर लांब, शंभर मीटरला पाच-सहा मीटर उतरणारा. गंगापूर धरणाच्या बाजूला, म्हसरूळच्या पलीकडे असे तुकडे मिळतात. चार वेळा उतरा, प्रत्येक वेळी चालत वर या. एवढंच. "आज काहीच केलं नाही" असं वाटेल, तरी वाढवू नका.

२. *आठवडा ५ ते ७.* तसेच सहा ते आठ उतार, आता थोडे तीव्र. वेग नव्हे, पद्धत बघा. पावलं लहान आणि भरभर. शरीर किंचित पुढे, उताराला काटकोनात. मागे रेलून टाच रोवली की प्रत्येक पाऊल हातोड्यासारखं गुडघ्यात बसतं. नजर पायाशी नको, चार-पाच पावलं पुढे हवी. हात मोकळे, कोपर बाहेर, तोल त्यांनीच सावरतो.

३. *आठवडा ८ ते १३.* आता खरा डोंगर. दर सात ते दहा दिवसांनी एकदाच सलग वीस-पंचवीस मिनिटांचा उतार. रामशेजची वाट यासाठी चांगली, कारण तिथे माती, दगड आणि पायऱ्या सगळंच थोडं थोडं आहे. अंजनेरीचा वरचा पठारी भाग धावण्याजोगा आहे, खालच्या पायऱ्यांवर मात्र लोकांची ये-जा असते, तिथे चालतच उतरा.

४. *शेवटचा मोठा उतार* रेसच्या अडीच ते तीन आठवडे आधी. त्यानंतर फक्त छोटे.

पायऱ्यांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे पांडवलेणी आणि चामर लेणी हाताशी आहेत आणि सगळा सराव तिथेच उरकला जातो. पांडवलेणीचा चढ लेण्यांपर्यंत शंभर मीटरच्या आतला, चामर लेणीचा डोंगर साधारण चारशे फुटांचा. कामाच्या दिवशी तासाभरात सराव होण्यासाठी दोन्ही उत्तम. पण पायरी एकसारखी असते. पाय कुठे टाकायचा याचा निर्णय डोक्याला घ्यावाच लागत नाही. लांताऊसारख्या पायऱ्यांच्या रेससाठी हा सराव थेट उपयोगी, मातीच्या किंवा घसाऱ्याच्या (सुट्या खडी-मातीच्या घसरड्या) रेससाठी अर्धवट. दोन्ही ठिकाणी भाविक आणि पर्यटक येतात, म्हणून उजाडल्या उजाडल्या जा आणि गर्दी दिसली की चाला.

*सावध:* घसाऱ्यावर पाय सरकला तर ब्रेक लावू नका. गुडघे सैल ठेवून दोन-तीन लहान पावलं त्याच्याबरोबर जाऊ द्या. ओल्या कातळावर उलट वागा: थांबा, वजन सरळ पायावर घ्या, चालत पार करा.

*तपासा:* उताराच्या सरावानंतर अठ्ठेचाळीस तासांनी घरचा जिना हात न टेकवता उतरता येतो का? येत असेल तर पुढच्या वेळी थोडं वाढवा. येत नसेल तर डोस जास्त झाला, पुढच्या वेळी तितकाच ठेवा किंवा कमी करा.

टप्पा ४: चढावर चालायला शिका

चालणं म्हणजे हार, असं रस्त्यावरच्या धावपटूंना वाटतं. ट्रेलवर तीव्र चढ चालणारा आणि धावणारा जवळपास बरोबरच माथ्यावर पोचतात. धावणाऱ्याची नाडी मात्र वर गेलेली असते आणि ती खाली यायला पुढचे दोन किलोमीटर जातात.

माझा नियम साधा आहे. शंभर मीटर अंतरात पंधरा मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर चाला. त्याहून सौम्य चढावरसुद्धा एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येत नसेल तर चाला. चालताना कमरेतून किंचित पुढे झुका, तळवे गुडघ्याच्या वर ठेवून हातांनी मांडी दाबा, पावलं लहान ठेवा. माथा यायच्या वीस-तीस पावलं आधी पुन्हा धावायला लागा. माथ्यावर थांबून श्वास घ्यायची सवय लागली की दहा चढांत दहा थांबे होतात, आणि कट-ऑफ तिथेच हातचा जातो.

गुरुवारी पांडवलेणीवर पाच-सहा फेऱ्यांपासून सुरू करून दहापर्यंत जा. सगळ्या फेऱ्यांची वेळ सारखी आली पाहिजे. पहिली चार मिनिटांची आणि शेवटची सात मिनिटांची होत असेल तर तुम्ही रेसही तशीच धावणार आहात.

काठ्या वापरायच्या असतील तर त्या तुमच्या रेसमध्ये चालतात का ते नियमात बघा, आणि निदान सहा आठवडे त्यांच्यासह सराव करा. विमानात त्या सामानात टाकाव्या लागतात, हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत. हे विमानतळावर कळणं फार वाईट.

टप्पा ५: लांब सराव तासांत मोजा

शनिवारच्या सरावाला किलोमीटरचं लक्ष्य देऊ नका. दोन तासांपासून सुरू करा, दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा. रेस साडेसहा तासांची अपेक्षित असेल तर सर्वांत लांब सराव साडेचार-पाच तासांचा पुरे. तो रेसच्या चार आठवडे आधी.

त्या मोठ्या दिवसासाठी मला अंजनेरी आवडते. पायथ्याच्या गावापासून वरपर्यंत पाचशे मीटरच्या वर चढ मिळतो. दोनदा वर-खाली केलं की हजार मीटर होतात आणि दुसऱ्या उताराला मांड्या आधीच थकलेल्या असतात. म्हणजे रेसच्या शेवटच्या तासाची रंगीत तालीम. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तासभर सपाटीवर रेंगाळत पळा. दोन्ही मिळून जो थकवा येतो तो सात तासांच्या एका सरावाने येतो त्याच जातीचा, पण दुखापतीचा धोका कमी.

अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि पठारावर दुर्मीळ वनस्पती. मळलेली वाट सोडून शॉर्टकट मारू नका, स्पीकर नको, रॅपर खिशात. वानरं पिशवीवर झडप घालतात, म्हणून खाणं हातात घेऊन चढू नका. सह्याद्रीच्या या भागात आणि शहराच्या कडेच्या मळ्यांतही बिबट्या आहे. पहाटे अंधारात एकटं जाऊ नका, दोघं-तिघं मिळून बोलत जा, डोक्यावर टॉर्च लावा. ब्रह्मगिरीच्या मागच्या बाजूला फोनला रेंज जाते-येते. कुठे जातोय आणि किती वाजता परत येणार हे घरी लिहून ठेवा.

हरिहर टाळा. त्या उभ्या कोरीव पायऱ्या सावकाश चढायच्या आहेत, तिथे घाईला जागाच नाही. कसारा घाटाचा महामार्गही टाळा. चढ कितीही मोहक असला तरी ट्रकच्या बाजूने धावून काही सिद्ध होत नाही.

*तपासा:* मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेला चढ दोन मित्रांच्या घड्याळांशी ताडून बघा. हवेच्या दाबावर उंची मोजणारं घड्याळ आणि नुसत्या उपग्रहावर चालणारं घड्याळ यांत शंभर-दीडशे मीटरचा फरक सहज पडतो. आकड्यावर विसंबून "हजार झाले" म्हणू नका.

टप्पा ६: पोट आणि पाणी

साडेसहा तास म्हणजे मधे एक जेवणाची वेळ जाते. तरीही लोक तयारीत रिकाम्या पोटी धावतात आणि रेसच्या दिवशी दुकानातून आणलेलं एनर्जी जेल पहिल्यांदा तोंडात घालतात. पोटालाही सराव लागतो.

१. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य. पहिल्या तासापासून, भूक लागायची वाट न बघता. साध्या लहान खजुरात पाच-सहा ग्रॅम असतात, म्हणजे तासाला सहा ते दहा खजूर. मी खजूर, मनुका आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा यांवर धावतो. राजगिरा लाडू चढावर कोरडा लागतो, घशात अडकतो. शेंगदाण्याच्या चिक्कीत तेल जास्त, पचायला वेळ लागतो. ती रेस संपल्यावर.

२. घामाचं मोजमाप घ्या. धावण्याआधी आणि नंतर कोरड्या कपड्यांत वजन करा. तासाभरात एक किलो कमी झालं आणि मधे अर्धा लिटर प्यायलात, तर तासाचा घाम साधारण दीड लिटर. हे मोजमाप जानेवारीच्या पहाटे एकदा आणि सकाळी अकरा वाजता एकदा घ्या. दोन आकड्यांतला फरक बघून पाण्याबद्दलचे बरेच गैरसमज मिटतात.

३. ओआरएस नीट कालवा. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच जातं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांना ते अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये ओतताना मी पाहिलं आहे. द्रावण घट्ट झालं की पोटात पाणी ओढलं जातं, मळमळतं, मग दोष ओआरएसला. २०० मिलिलीटरची छोटी पाकिटंही मिळतात, ती सोयीची.

४. नुसतं पाणी ढोसू नका. तहानेपेक्षा कितीतरी जास्त साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकं दुखणं, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं. ती दिसली तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय मदत घ्या. हा प्रकार जीवघेणा होऊ शकतो.

*सावध:* रेसच्या आधी किंवा मधे आयबुप्रोफेन किंवा तशा वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर भार टाकतात.

टप्पा ७: दमट हवेची आणि वाऱ्याची सवय

नाशिकचा हिवाळा कोरडा असतो. घाम लगेच उडतो आणि अंग गार राहतं. मॉरिशस, रियुनियन, लांताऊ इथल्या दमट हवेत घाम नुसता गळतो. रेस अशा ठिकाणी असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत दहा दिवस उष्णतेचा सराव करा. सकाळी अकराच्या उन्हात ४५ मिनिटं हलकं धावणं, सोबतीला कुणीतरी आणि हाताशी पाणी. गरगरलं, थंडी वाजली, घाम थांबला तर लगेच सावलीत बसा आणि त्या दिवसापुरतं थांबा.

कॅटलिनासारख्या बेटावर अडचण वेगळी आहे. पहाटे गारवा, कधी धुकं, आणि उघड्या डोंगरधारेवर वारा. घामाने भिजलेलं अंग वाऱ्यात पाच मिनिटांत काकडतं. वारा अडवणारं मुठीत मावेल असं पातळ जाकीट मी प्रत्येक बेटावर नेतो, ऊन असलं तरी.

टप्पा ८: सामान, आणि तेही आधी वापरलेलं

बूट ट्रेलचेच, तळाला चार-पाच मिलिमीटर खाचा असलेले. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण उतारावर अंगठा पुढे आदळतो आणि नख काळं पडतं. वरच्या जादा भोकातून नाडी ओवून टाच आवळून बांधायला शिका. रेसपर्यंत त्या बुटांवर शंभर ते दीडशे किलोमीटर झालेले हवेत. नखं रेसच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही.

पाठीवरची पिशवी भरलेल्या अवस्थेत निदान चार लांब सरावांत वापरा. काखेत, कमरेला, मांडीच्या आत कुठे घासतं ते तिसऱ्या तासाला कळतं. तिथे व्हॅसलिन. शिट्टी, चमकदार आपत्कालीन ब्लँकेट, टॉर्च, भरलेला फोन, यांतलं सक्तीचं काय ते नियमात असतं. सक्ती नसली तरी शिट्टी आणि ब्लँकेट ठेवा, दोन्हीचं वजन चिमूटभर.

खाण्याचं सामान नेताना त्या देशाचे नियम बघा. अमेरिकेत उतरताना बरोबरचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर बुटाच्या तळव्याला लागलेल्या मातीबद्दलही विचारतात. म्हणून निघण्याआधी बूट ब्रशने घासून धुवा आणि वाळवा. अंजनेरीची माती आणि कुसळं परक्या बेटावर न्यायची नाहीत, कारण तिथल्या झाडांना त्याची किंमत मोजावी लागते.

टप्पा ९: शेवटचे तीन आठवडे आणि बोटीचं गणित

धावण्याचं प्रमाण पहिल्या आठवड्यात पाऊणपट, दुसऱ्यात निम्मं, शेवटच्यात त्याहून कमी. दिवस तेवढेच ठेवा, वेळ घटवा. या काळात "थोडं राहिलंय" म्हणून केलेला प्रत्येक मोठा सराव रेसमधून वजा होतो.

बेटावरची रेस मुख्य भूमीवरच्या रेसपेक्षा वेगळी पडते ती इथे: विमानानंतर अनेकदा बोट असते, आणि समुद्र खवळला की बोट निघत नाही. रेसच्या आदल्या दिवशीच्या शेवटच्या बोटीवर भरवसा ठेवू नका. किमान दोन रात्री आधी बेटावर पोचा. बोटीत मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या आणि ती घरी एकदा घेऊन बघा, कारण काहींना तिने गाढ झोप येते. बोटीत मधोमध बसा, नजर क्षितिजावर ठेवा.

कॅटलिनाला मुक्काम बहुधा अ‍ॅव्हलॉनला असतो आणि रेस सुरू होते दुसऱ्या टोकाला, त्यामुळे रेसच्या दिवशी पहाटेही बोट धरावी लागते. न्याहारी कधी करायची याचं उत्तर त्यावर ठरतं. अंथरुणातून उठल्यावर अर्धी, बोटीतून उतरल्यावर अर्धी, असं मी सुचवेन, आणि तयारीतल्या दोन शनिवारी तशीच दोन हप्त्यांत खाऊन बघा.

मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, लांताऊचं अडीच तास पुढे, फार त्रास नाही. कॅलिफोर्निया मार्चच्या मध्यानंतर साडेबारा तास मागे असतं. तिथे चार-पाच दिवस आधी पोचा. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला महिने लागू शकतात, तेव्हा नाव नोंदवण्याआधी तो हिशोब करा.

टप्पा १०: रेसचा दिवस

१. *पहिले दहा किलोमीटर* आवरून. पहिला चढ सगळे धावतील, तुम्ही ठरवल्याप्रमाणे चाला. पहिला उतारही आवरूनच, कारण सकाळी उधळलेल्या मांड्या दुपारी परत मिळत नाहीत.

२. *दहा ते तीस* नेमाने. दर वीस मिनिटांनी घड्याळाचा गजर, गजर झाला की एक घास आणि दोन घोट. थांब्यावर शिरण्याआधी काय घ्यायचं ते मनात ठरवा, फ्लास्कची झाकणं उघडी ठेवा, दोन मिनिटांत बाहेर पडा.

३. *शेवटचा मोठा चढ* चालत, पण न थांबता. चढताना खाऊन घ्या. उतारावर खाणं जमत नाही.

४. *शेवटचा उतार.* माथ्यावर दहा सेकंद द्या आणि नाड्या आवळा. मग लहान पावलं, सैल गुडघे. पोटरीत गोळा येतोय असं वाटलं तर पाऊल आणखी लहान करा, थांबून जोरात ताणू नका.

वाटेत जनावर आडवं आलं तर शर्यत विसरा. कॅटलिनावर बायसन आहेत, १९२४मध्ये तिथे आणलेल्या कळपाचे वंशज. शांत उभे दिसतात, पण अंगावर आले तर माणसाचा निभाव लागत नाही. लांब थांबा, त्यांना जाऊ द्या किंवा मोठा वळसा घ्या. फोटोसाठी जवळ जाणं तर नकोच.

*तपासा:* अर्ध्या वाटेवर स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेल्या तासात काही खाल्लं का? लघवी झाली का, आणि रंग कसा होता? टोचतंय, घासतंय असं काही आहे का? बुटातला खडा तिथेच काढा. विसाव्या किलोमीटरला तीस सेकंद वाचवायला गेलं की पस्तिसाव्याला त्याचा फोड होतो.

टप्पा ११: संपल्यावर

रेषा ओलांडली की लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. कोरडे कपडे आधी, फोटो नंतर. तासाभरात काहीतरी खारट आणि पोटभरीचं खा. परतीची बोट त्याच संध्याकाळी असेल तर जड पिशवी उचलून फळीवरून चढताना कुणाचा तरी हात धरा, कारण तोच उतार-चढ त्या दिवशी सगळ्यात अवघड जातो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद आली तर वाट न बघता डॉक्टरकडे जा, स्नायू फार मोडल्याची ती खूण असते.

नाशिकला परतल्यावर पहिला आठवडा फक्त चालणं. दुसऱ्या आठवड्यात सपाटीवर हलकं धावणं, तेही जिना न दुखता उतरता येत असेल तरच. पांडवलेणीच्या पायऱ्या तिसऱ्या आठवड्यात, आणि त्या दिवशी वर जाताना एक वही बरोबर ठेवा: कुठल्या किलोमीटरला काय बिघडलं, काय खाल्लं, कुठे घासलं, ते तिथे बसून आठवणी ताज्या असतानाच लिहून काढा.